हंसिणीच्या पाठीला लाल औषध

धायरी,
गुरुवार, दुपार

चि. अभय यास,

ताईचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद सवयीने लिहिले गेले, त्यावरून माझा राग उतरला असं समजू नकोस.) तुझी तब्येत उत्तम असणारच. आपली हंसीण दुसऱ्याच्या परसात सोडून कोथरूडला निघून गेलेल्या माणसाला होणार काय? पूर्वा बिचारी तुझ्याशी संसार करते, तिचा गुडघा कसा आहे ते मात्र खरंच कळव. इकडे मी ठीक, तुझे दाजी ठीक, तिन्ही कोंबड्या तर ठणठणीत. ठीक नाही ती तुझी हंसीण. कुत्र्याने तिची पाठ फाडली हे मी तुला मोबाइलवर कळवलं, तर तू उत्तर म्हणून अंगठा पाठवलास. म्हणून हे पत्र. कागदावर अंगठा दाखवता येत नाही.

आधी मुळाशी जाऊ. हंसांची जोडी पाळायची हौस तुझी. त्यांच्यामुळे साप येत नाहीत, चोर येत नाहीत, हे तुला कुणी सांगितलं कोण जाणे. फ्लॅटमागच्या वीतभर बागेत ती जोडी पहाटे कोकलायला लागली, तेव्हा तुमच्या सोसायटीच्या कमिटीने ठराव केला की दोघांचा आवाज होतो, एकाचा चालेल. आणि तू, शिकला-सवरलेला माणूस, तो ठराव पाळलास! नर ठेवून घेतलास आणि मादी माझ्याकडे आणून घातलीस. "ताई, चारच दिवस," म्हणालास. मधे दिवाळी येऊन गेली. (शेजारी अजून तिला बदक म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडलं.)

गेल्या आठवड्यात शेजारच्या अनिरुद्धचा कुत्रा कुंपणाखालून आत शिरला. मी झाडू घेऊन धावले तोवर पंखाच्या वर पाठीवर चांगली जखम झाली होती. अनिरुद्ध म्हणाला, "काकू, तो खेळत होता." मी म्हटलं, "मग त्याला कॅरम आणून द्या." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पण खरा घात पुढे झाला. तुझे दाजी कारखान्यात प्रथमोपचार पथकाचे प्रमुख होते हे तुला ठाऊकच आहे (बाहेरच्या खोलीतलं त्यांचं प्रमाणपत्र तूच वाकडं टांगलंस). त्यांच्या सबंध नोकरीत तिथे कुणाला साधं खरचटलंही नाही. निवृत्त होईपर्यंत जखमीची वाट पाहिलेला माणूस, त्याच्या हाती शेवटी ही लागली. त्यांनी पेटी आणली, गळ्यात शिट्टी अडकवली (कशाला ते तेव्हा कळलं नाही) आणि म्हणाले, "गर्दी करू नका." गर्दीत मी एकटी होते. मग कामगाराला निजवावं तसं तिला उताणं निजवून पाय उशीवर ठेवले. अहो, जखम पाठीला आहे, हे मी ओरडून सांगितलं तेव्हा तिला पालथी केली आणि त्रिकोणी पट्टी छातीभोवती आवळून बांधली. ती चोच वासून धापा टाकायला लागली. दाजी म्हणाले, "धक्का बसलाय तिला." शेवटी मीच कात्री आणून पट्टी कापली. तरी हौस फिटेना. त्यांनी बाटलीतलं लाल औषध तिच्या पाठीला चोपडलं आणि मोकळी हवा मिळावी म्हणून तिला कोंबड्यांत सोडलं. लाल दिसलं की कोंबडी टोचते. पांढऱ्याशुभ्र पाठीवर एवढा थोरला लाल डाग पाहून तिघी तिच्यावर तुटून पडल्या. कुत्र्याने जेवढं शिल्लक ठेवलं होतं तेवढ्याचा त्यांनी समाचार घेतला.

मग जनावरांची डॉक्टर नम्रता आली. पोरगी माझ्या विद्यार्थिनीची लेक शोभेल एवढी, पण आम्हा दोघांना भिंतीशी उभं करून झापलं. पक्ष्याची छाती आवळली की त्याचा श्वासच कोंडतो. आधी स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवायचं, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, माशा बसू द्यायच्या नाहीत, माणसांची मलमं लावायची नाहीत, आणि सगळ्यात आधी तिला कोंबड्यांपासून वेगळं ठेवायचं. मी जन्मभर वर्गात जेवढं बोलले तेवढं एका बैठकीत परत मिळालं. तिने टाके घातले, औषध दिलं, आणि जखम आता भरते आहे.

पण हंसीण खात नाही, अभय. मंडईतून कोवळा पालक आणला, गहू भिजवले, तोंड लावत नाही. डॉक्टर म्हणते, ही जोडीने राहणारी जात, एकटी पडली की झुरते. अशीच राहिली तर जखम भरूनही वाचायची नाही. तिच्याच सांगण्यावरून बेसिनवरचा आरसा काढून हंसिणीच्या खोक्याशी ठेवलाय. आरशातल्या हंसाकडे बघत ती दोन घास खाते. मग उठते, आरशाच्या मागे जाऊन बघते. तिथे भिंत असते. मला ते बघवत नाही रे. मग तुमच्या कमिटीचा, त्या ठरावाचा आणि तुझा असा काही संताप येतो की कढईतलं करपतं.

तेव्हा तू इकडे मुळीच फिरकू नकोस. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही. पूर्वाला प्रेम.

तुझ्यावर भयंकर रागावलेली,
ताई

ता. क. : रविवारी ये. येताना नराला घेऊन ये. ठरावात एक चालेल असं आहे, एकही नसला तर ठराव काही मोडत नाही. दोघं इथेच राहतील. घाबरू नकोस, चारच दिवस. दिवस मी मोजणार.

ता. क. पुन्हा (शुक्रवार) : रविवार नको, पत्र मिळताच आण. आरसा नसल्यामुळे दाजी अंदाजाने दाढी करतात. आज सकाळी हनुवटी कापली. वर लाल औषध लावलं आणि तसेच कोंबड्यांना दाणे टाकायला खाली वाकले. शिट्टी कशासाठी असते ते मला आता कळलं.