सुमतीबाईंचा भात

पनवेल, रविवार

ती. आईस,
रुचिराचा नमस्कार. पुस्तकांचं दुकान बरं चाललंय. काल एका लेखिकेशी गप्पा ठेवल्या होत्या. खुर्च्या तीस, माणसं अकरा. पण एकजण थेट उरणजवळच्या द्रोणागिरीहून आला.

लेखिकेच्या कादंबरीवर मी शिफारशीची चिठ्ठी चिकटवली होती, तुझ्याच शब्दांत: "नायिकेचा इतका राग आला, की ऐकता ऐकता भात करपला. – सुमती."

बाबा अजून रोज वाचून दाखवतात ना, की पानं गाळतात?

लेखिकेनं चिठ्ठी वाचून विचारलं, "सुमतीबाई कुठायत?" मी सांगून बसले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की येतील. आता डॉक्टरांची तारीख घे.

तुझ्या नावानं सही केलेली प्रत ठेवलीय. पोस्टानं पाठवणार नाही. स्वतः येऊन वाच.

तुझी,
रुचिरा