मध्यावर चिकटलेला काटा

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तब्येत कशी आहे, असं रीतीप्रमाणे विचारते. उत्तर ‘ठीक’ येणार हे ठाऊक आहे (गेली वीस वर्षं तेच येतंय), तरी विचारते. आम्ही मजेत. गाडीही मजेत आहे, आणि ती तुमच्यामुळे आहे, हे सांगायलाच हे पत्र.

मागच्या खेपेला माझी नवी लाल गाडी पाहून तुम्ही ऑइलच्या दाबाच्या काट्याकडे बोट दाखवलंत आणि फिसकन हसलात. हा काटा नव्हे, जावई आहे; घराला आग लागली तरी जागचा हलायचा नाही, म्हणालात. मला अस्सा राग आला! शर्यतीच्या तोडीची गाडी, आणि तिला नावं ठेवायची? तरातरा शोरूममध्ये गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी गोड हसून सांगितलं, की खरा दाब दाखवला तर काटा सारखा वरखाली होतो आणि गिऱ्हाइकं घाबरून फोन करतात. म्हणून दाब पार नाहीसा होईपर्यंत तो मध्यावरच राहील अशी सोय केली आहे. सोय म्हणे! म्हणजे ताप बघायला थर्मामीटर लावावा आणि त्यानं ‘काळजी नको, बाई’ म्हणावं.

तरीही तुम्ही जुन्या ट्रकमधला, खरा दाब दाखवणाऱ्या काट्याचा तो तडकल्या काचेचा डबा आणलात, बारीक नळी थेट इंजिनापर्यंत नेलीत आणि तो माझ्या स्टिअरिंगशेजारी पट्टीनं आवळलात, तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते. (नवरा म्हणाला, गाडीला गळू झालंय. मी महिनाभर त्यावर रुमाल टाकून फिरले. हे आजच कबूल करतेय.)

परवा डोंगरातल्या लांबलचक वळणावर तो रुमाल घसरला. बघते तर तुमचा काटा धाडकन शून्याकडे! गाडीचा स्वतःचा काटा मात्र मध्यावर, ढिम्म. तुमचं वाक्य आठवलं: काटा पडला की विचार नंतर, इंजिन आधी बंद. गाडी कडेला घेतली, ऑइल मोजायची पट्टी ओढली, तर टोकाला नुसता ओशट डाग. सहा महिने मी ऑइल बघितलंच नव्हतं. गाडीचा काटा मध्यावर होता ना! अजून दोन वळणं, आणि इंजिनाचे बारा वाजले असते. मामा, तुमचे उपकार कुठे फेडू? आता त्या डब्याची काच मी रोज पुसते. नवराही त्याला ‘मामा’च म्हणतो.

तुमची लाडकी (आणि जरा जोरात चालवणारी)
भाची

ता. क. ऑइल भरलं. दर रविवारी पट्टी बघते.

आणखी एक ता. क. मामीचा फोन आला होता. हल्ली जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसता म्हणे, छातीवर हात ठेवून, आणि विचारलं की ‘ठीक’. म्हणजे वीस वर्षं मी मध्यावर चिकटलेलाच काटा बघत होते! मामीवर चिडू नका, तिनं फक्त रुमाल काढला. हे पत्र तिनं तुमच्या हातात दिलं असेल, तर खिडकीतून खाली बघा. लाल गाडी उभी आहे, डॉक्टर दहा वाजता भेटणार आहेत. विचार नंतर. आधी चपला घाला, आणि तिसऱ्या पायरीवर थांबा, मी वर येतेय.