तारेतून न गेलेली रेघ

प्रति,
मा. सचिव,
ग्रामीण गणित निवड मंडळ, पुणे.

विषय: प्रमाणपत्रावर सही करण्याच्या सक्तीतून सूट मिळणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र, दि. १२ ऑक्टोबर १९८२.

महोदय,

१. अर्जदार शमशाद मौला मुलाणी, प्राथमिक शिक्षिका, मु. घोटावडे, ता. मुळशी, यांनी स्वतः लिहिलेले तीन अर्ज 'भाषा रुक्ष' असा शेरा मारून आपण परत केलेत. म्हणून हा चौथा अर्ज खाली सही करणाऱ्या अर्जलेखकाने लिहिला आहे. यात रुक्षपणा सापडणार नाही. राग सापडला तर तो अर्जलेखकाचा समजावा.

२. तालुक्याला एकच गणित मार्गदर्शक नेमायचा होता. बाई अकरा वर्षे पहिलीला पाढे शिकवीत आल्या आणि वयोमर्यादेत बसण्याचे हे त्यांचे शेवटचे वर्ष. मंडळाचा प्रश्न असा होता: शेताच्या समोरासमोरच्या दोन बाजू समांतर, पण लांबीने कमी-जास्त. त्यांना समांतर बांध घालून दोन भावांत समान वाटणी करायची, तर बांध किती लांब? बाईंनी तो सोडवला. उत्तर धाडायच्या वेळी नेमके पुलावर पाणी आले आणि टपालाची थैली चार दिवस अडकली. आपल्याच नियमाप्रमाणे अशा वेळी तार चालते. बाईंनी तार केली: 'एका बाजूचा वर्ग अधिक दुसऱ्या बाजूचा वर्ग. बेरजेचे निम्मे. निम्म्याचे वर्गमूळ. तोच बांध.' उत्तर बरोबर आहे, हे मंडळही नाकारत नाही.

३. तरी शून्य गुण. कारण काय, तर वर्गमुळाचे चिन्ह, कंस आणि भागाकाराची रेघ उत्तरात दिसत नाही. दुरुस्ती करायची तर मूळ उत्तर ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने, आठ दिवसांत. बाई पुन्हा तार-ऑफिसात गेल्या. तारमास्तर भैरू यांनी कपाळाला हात लावला. "बाई, सोळा वर्सं तारा मारतुया. हितनं अक्षरं जात्यात, आकडं जात्यात. रेघ कुटनं धाडू?" शेवटी बाईंनी चिन्हाचे वर्णनच पाठवले: डावीकडे लहान उतार, मग उंच चढ, मग सगळ्या बेरजेवर आडवे छप्पर. मंडळाने ही तार निबंध ठरवून मराठीच्या परीक्षकांकडे दिली. त्यांनी दहापैकी चार गुण देऊन 'वर्णन ठीक, विषयांतर फार' असे लिहिले.

४. जागा पुण्यातले श्री. हैबतराव यांना मिळाली. त्यांनी उत्तर हातोहात नेऊन दिले होते, चिन्हे पट्टीने आखून. त्यांचा बांध मात्र शेताच्या दोन्ही समांतर बाजूंपेक्षा लांब निघतो, म्हणजे सरळ शेजाऱ्याच्या शेतात घुसतो. आमच्या मुळशीत एवढ्यावर डोकी फुटतात. मंडळाने त्याला दहापैकी नऊ दिले.

५. पुढचे लिहिताना लाज वाटते. मंडळाने बाईंचेच उत्तर चिन्हांत मांडून 'आदर्श उत्तर' म्हणून छापले आणि खाली नाव घातले हैबतरावांचे. ते शिकवायला हैबतराव घोटावड्यात आले. सगळ्या शिक्षकांसमोर त्यांनी बाईंना फळ्यापाशी उभे केले आणि ते उत्तर पाच वेळा लिहायला लावले. बाईंनी लिहिले. मग साहेब म्हणाले, "आता जमतंय. खेड्यातल्या माणसांना जरा वेळ लागतो." बाई घरी आल्या आणि आई कमरबींना एवढेच म्हणाल्या, "अम्मा, माझं उत्तर बरोबर हाय." कमरबींनी विचारले, "मंग तुलाच का गं उभं केलं?" हाच प्रश्न अर्जलेखक मंडळाला विचारीत आहे.

६. आता 'सदर उत्तर मला श्री. हैबतराव यांनी शिकवले' असे प्रमाणपत्र बाईंनी सही करून द्यावे, नाहीतर नोकरीत प्रतिकूल शेरा बसेल, असे आपले पत्र आहे. बाईंना जागा नको, गुण नकोत, छापलेल्या कागदावर नावही नको. या एका सहीतून तेवढी सूट द्यावी, ही हात जोडून विनंती.

आपली नम्र,
(सही) शमशाद मौला मुलाणी

अर्ज लिहिणार: कोंडाजी, अर्जलेखक, पौड
दि. १९ नोव्हेंबर १९८२

सोबत:
१) दोन्ही तारांच्या नकला.
२) वरील प्रमाणपत्र, बाईंच्या सहीनिशी. ते जोडल्याशिवाय अर्ज दाखल करून घेणार नाही, असे आपल्या कारकुनांनी खिडकीवर सांगितले.