तीन प्लेटांची वाटणी

मी, खाली सही करणार असलेली, एका कारखानदाराची विधवा आणि त्याच्या पश्चात स्वतः कारखानदार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, की लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी लावायला घरात कोणी असावे लागते. याआधी मी असा कागद केलेला नाही.

एक. कारखान्यावरच्या दोन खोल्या नणंदेच्या मुलीला द्याव्यात. ती लांब राहते, क्वचित येते, आणि आल्या आल्या म्हणते, "मामी, केवढा हा पसारा!" आता पसारा तिचा, तिने आवरावा. भाडेकरू ठेवलाच तर बोलका ठेवावा. संध्याकाळी जिन्यावर कोणाची तरी पावले वाजलेली बरी असतात. माझ्या जिन्यावर फक्त माझी वाजतात.

दोन. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला वापरावी, उरेल ती तिलाच. भाषणे नकोत. ज्यांना मी जिवंतपणी आठवले नाही, त्यांना तेव्हाही आठवायची सक्ती करू नये.

तीन. कारखान्यात आम्ही लोखंड कातायच्या जुन्या लेथ मशिनी दुरुस्त करतो. 'आम्ही' हाताच्या सवयीने लिहिले. मी एकटीच करते. लेथचे कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा भाग, खालच्या लांब बेडवरच्या ज्या पट्ट्यांवरून पुढेमागे सरकते, त्या पट्ट्या झिजून खोल पडतात आणि मशीनवरचे काम वाकडे निघू लागते. मग सपाट लोखंडी प्लेटला निळा रंग लावून ती पट्टीवर फिरवायची. निळे उमटेल तो उंचवटा. तो स्क्रॅपरने खरवडायचा, पुन्हा प्लेट फिरवायची, पुन्हा खरवडायचे. हे मला आमच्या ह्यांनी शिकवले. मी रंग जाड लावला की म्हणत, "भिंत रंगवायची आहे का?" जाड रंगात वाकडेही जुळल्यासारखे दिसते.

खिडकीजवळचा लेथ पंप बनवणाऱ्याचा आहे. त्याचा बेड खरवडून झाला आहे. तो रोज विचारतो, मी रोज "उद्या" म्हणते. का, ते पुढच्या कलमात.

चार. प्लेटा. ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिराने मिळून तीन प्लेटा केल्या होत्या. तीनच का, तर दोनच एकमेकींवर घासल्या की एक फुगीर होते, दुसरी तेवढीच खोलगट, आणि दोघी अशा जुळतात की कोणालाही वाटावे सपाट आहेत. दोघींचे गूळपीठ तिसरीच उघडे पाडते. तिघी आपसात जुळल्या तरच तिन्ही खऱ्या.

हे गेले. काही महिन्यांनी दीर म्हणाले, "वहिनी, हाताने खरवडायचे दिवस गेले. ग्राइंडिंग मशीन घेऊ. आणि खरं सांगू? तुमचा हात दादासारखा नाही."

मी म्हटले, "दादांचाच हात हवा असेल, तर जा त्यांच्यामागोमाग."

हे वाक्य मी मागे घेत नाही. आधी त्यांनी त्यांचे घ्यावे.

मग वाटण्या झाल्या. मामेसासरे मध्यस्थ. त्यांनी ताटे वाटावीत तशा प्लेटा वाटल्या, दोन विधवेला आणि एक दिराला, आणि न्याय केल्याच्या समाधानात पान लावल्यासारखे हात पुसले. तिघींची ताटातूट झाली की कोणाचीच खात्री उरत नाही, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. आम्ही दोघेही तोंडाला कुलूप लावून बसलो. आधी बोलेल त्याचे नाक खाली, एवढीच अक्कल तेव्हा दोघांना होती.

तेव्हापासून माझ्या दोन प्लेटा एकमेकींना "हो" म्हणतात आणि मी त्यांचे ऐकते. त्याही झिजल्या असणार. मी सरळ काम करते आहे, की इतकी वर्षे नुसती स्वतःशीच जुळते आहे, हे सांगायला कोणी नाही, म्हणून पंपवाल्याला रोज "उद्या". दिरांचे माझ्या हाताबद्दलचे ते बोलणे खरे होते का, एवढे मला कळायला हवे. आणि मला एकटे वाटते. बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहिले.

यावर मी असे कलम केले होते: "माझ्या पश्चात दोन्ही प्लेटा दिरांना द्याव्यात. त्यांनी त्या तिसरीशी लावून पाहाव्यात."

वकीलबाईंनी ते वाचले आणि विचारले, "काकू, पण काय निघालं ते तुम्हाला कोण सांगणार?"

सबब ते कलम मी खोडले आहे.

पाच. वकीलबाई म्हणतात, साक्षीदार दोन हवेत, मी सही करताना ते समोर हवेत, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. शेजारच्या शिलाईवाल्या बाई तयार आहेत. दुसरे माणूस मी पुष्कळ आठवून पाहिले. म्हणून स्पष्ट लिहिते की, या मृत्युपत्राने माझ्या दिरांना काहीही मिळणार नाही. साधी सुईही नाही. म्हणजे ते साक्षीला मोकळे झाले.

वकीलबाईंनी हा मसुदा आजच त्यांच्या हातात द्यावा.

भावजी, येताना तुमची प्लेट आणा. पाठीला झेपत नसेल तर हातगाडीवर घाला, भाडे मी देईन. माझ्या दोन वाकड्या निघाल्या तर तोंडावर सांगा. सरळ निघाल्या तर तेही तोंडावरच सांगा, तिथे पळवाट नको. तुम्ही समोर बसेपर्यंत मी सही करणार नाही. तोवर या कागदाला काडीची किंमत नाही आणि मला मरायची सोय नाही. मी थांबेन. पण डॉक्टर म्हणतात, फार थांबवू नये.

ठिकाण: कारखाना, पुढचे दार. कडी लावलेली नाही.

मृत्युपत्र करणारीची सही:

साक्षीदार पहिली: शेजारच्या शिलाईवाल्या बाई. हाक मारली की येतील.

साक्षीदार दुसरा: माझे धाकटे दीर.

दिनांक: तुम्ही घाला.