नुसता चिखल

७ मे

आणखी एक आली! या वेळी मशीन नाही, मोजपट्टी नाही. नुसती पोरगी. पायात पांढरे बूट – आमच्या चिखलाटात पांढरे बूट!

देवळात सभा होती. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार, त्यांची केबल आमच्या कालवं पिकवायच्या पट्ट्यांच्या बाजूने किनाऱ्यावर येणार. मागच्या वर्षी मोजणीवाले आले होते, त्यांना आम्ही दोन शब्दांत वाटेला लावलं. आता ही. इंजिनीअर म्हणाला, "चक्क्यांचं आम्ही बघू. माणसांचं या लो बाई बघतील. समाजशास्त्र शिकवतात, तैपेईला."

माणसांचं बघतील म्हणजे काय? आमचं काय बिघडलंय?

९ मे

लो यी-रुंग आज माझ्या दारात. मी कालवं फोडत होते. न विचारता बसली, सुरी उचलली, पहिल्याच कालवाला बोट कापून घेतलं. चिंधी मीच बांधली.

केबलचं अक्षर नाही! विचारते काय – सासूबाई कशा होत्या? सातव्या महिन्यात भुतांना जेवण कुठे मांडता? तुमच्या नवऱ्याला सगळे 'कुत्रा' का म्हणायचे?

का म्हणजे? त्यांच्या आधीची दोन पोरं गेली होती. चांगलं नाव ठेवलं असतं तर भुतांनी यांनाही उचललं असतं. सांगून बसले सगळं, लेक ताइचुंगला बोलावतो तेही. मग जीभ चावली. वीज कंपनीला आमच्या कुत्र्याशी काय करायचंय? कुठेतरी पाणी मुरतंय.

१० मे

पेज आणि खारवलेला मुळा. पोरगी आज पलीकडच्या आळीत होती. तिकडेही सासवाच विचारत होती म्हणे.

१५ मे

थिआम-होक भावजी आले होते, हातात बिअर.

"वहिनी, डोळे उघडा! वारा हे निमित्त. केबल काय, कुठूनही जाते. यांना आपल्या चांगल्या पट्ट्या हव्यात. घ्यायच्या आणि शहरातल्या लोकांना कालवं काढायच्या सहली विकायच्या. पोरगी त्यासाठीच सोडलीय. इंजिनीअरला तुम्ही दारात उभं केलं नसतं, तिला चहा पाजता!"

खरं आहे. रोज पाजतेय.

१६ मे

विचारलंच शेवटी! अगदी गोड आवाजात. "गिमकाकू, कोणाच्या पट्ट्या चांगल्या आहेत हो?"

"नुसता चिखल," मी म्हटलं. "जाशील तिथे नुसता चिखल."

दुसरं कोण काय सांगणार? पट्टी लगडली की 'नुसता चिखल' म्हणायचं. समुद्रावर ऐकणारे खूप असतात, कौतुक केलं की पट्टी बसलीच म्हणून समज. पडीक असेल तरच माणूस म्हणतो 'छान आहे हो' – तिला काय नजर लागायचीय! आणि दुसऱ्याच्या पट्टीबद्दल तर अवाक्षर काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. लग्नानंतर पहिल्याच ओहोटीला सासूबाईंनी शिकवलं होतं.

लिहू दे तिला चिखल. मोजणीवाल्यांनीही तेच लिहून नेलं.

२२ मे

घात झाला! ओहोटीला पोरगी आमच्याबरोबर आत आली. (आता गमबूट आहेत. कंपनीनेच दिले असणार.) भावजींच्या पट्टीशी थांबली. कशी आहे, विचारलं. ते म्हणाले, "नुसता चिखल."

आणि ही हसली! माझ्या कानाशी येऊन म्हणते, "म्हणजे एक नंबर! हो ना काकू? पोराला कुत्रा म्हणायचं, तसंच."

हिला कोणी सांगितलं? मीच की! कुत्र्याची गोष्ट मीच सांगितली. आता ही जाऊन सांगणार – जिथे चिखल म्हणतात, तिथेच घुसा.

आज चहा दिला नाही.

२३ मे

भावजींना सांगू? नको. खायला उठतील.

माझी पट्टी खाडीच्या तोंडाशी आहे. यांनी स्वतः बांबू रोवले तिथे. तसं कालव अख्ख्या गावात नाही – थू थू थू, लिहायलाही नको! ताइचुंगहून लेकाचं एकच पालुपद – "आई, विकून टाक, इकडे ये." तिथे येऊन काय करू? बाल्कनीत मुळा वाळवू? पट्टी आहे म्हणून या गावात मला विचारतात. पट्टी गेली तर मी कोण?

बाकीच्यांचं बाकीचे बघतील. मला माझी वाचवायचीय.

२५ मे

सुचलं! मेली उलटं वाचते ना? मग वाच!

कालवांचं धिरडं केलं, चहा केला, तिला हाक मारली. खाता खाता म्हटलं, "माझी पट्टी म्हणशील तर एकदम उत्तम हो."

घास हातातच राहिला तिचा. "खरंच, काकू?"

"सोनं आहे सोनं!"

"असं कोणी म्हणत नाही इथे."

"मी म्हणते ना!"

माझा हात दाबला फक्त. डोळ्यांत कीव – बिचारी काकू, पडीक पट्टी घेऊन बसलीय! हसू आवरताना जीव गेला माझा.

मग देवळात जाऊन समुद्राच्या देवीपुढे, माझूपुढे, उदबत्ती लावली. पट्टीचं तोंड भरून कौतुक केलं, माफी नको मागायला? कौल लावला. लाकडाचे दोन्ही तुकडे पडले ते सपाट बाजू वर करून. म्हणजे हो नाही, नाहीही नाही – देवी हसतेय. हसू दे. मलाही हसू येत होतं.

३१ मे

पोरगी इंजिनीअरशी भांडली म्हणे. भर रस्त्यात, लालबुंद होऊन. भावजी म्हणाले, "नाटक! आपल्याला दाखवायला." मीही तेच म्हणते.

४ जून

पुन्हा आली. "काकू, सगळ्या गावाला विचारलं. तुमच्या पट्टीबद्दल कोणी तोंडच उघडत नाही."

कसे उघडतील! मी म्हटलं, "जळतात मेले."

"म्हणजे उत्तम, हे नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

किती खोदून विचारते बाई! पण गेली एकदाची.

१२ जून

सभा झाली. भिंतीवर नकाशा. केबल आधी भावजींच्या आणि वरच्या सगळ्या पट्ट्यांतून यायची होती. तिथे मोजणीवाल्यांनी 'नुसता चिखल' लिहिलं होतं, म्हणून! कंपनीला पडीक जागाच हवी होती. पहिल्यापासून. लो यी-रुंग भांडली ती यावरून. सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "हे लोक ज्याला चिखल म्हणतात, तिथे हात लावायचा नाही." देऊळ टाळ्यांनी दणाणलं. भावजींच्या डोळ्यांत पाणी.

नवी रेघ खाडीच्या तोंडातून आत येते. यांच्या बांबूंमधून.

पोरगी गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली, माझा हात धरला. "काकू, भरपाई मिळेल. आता तुम्हाला लेकाकडे जाता येईल."