नातेवाईक: नाही

प्रिय बाबा,

फोन तुम्ही तिसऱ्या वाक्याला ठेवता. धाप लागली की म्हणता, दाराशी कोणीतरी आलंय. इतके पाहुणे आपल्याकडे कधी येत नव्हते. म्हणून पत्र. हे तरी शेवटपर्यंत वाचा.

फॉर्मवर स्वच्छ प्रश्न होता: या औषधचाचणीच्या कामात तुमचं कोणी नातेवाईक आहे का? तुम्ही लिहिलंत, नाही. नातेवाइकांना घेत नाहीत हे मीच सांगितलं होतं, त्यावर ही तुमची हुशारी. बरं, थाप मारलीत तर निभवायची तरी. नर्सला म्हणालात, रक्ताचा नमुना वर प्रयोगशाळेत माझ्या लेकीच्याच हातात द्या, बाकीच्यांना जमायचं नाही. बाकावरच्या प्रत्येकाला माझी नोकरी ऐकवलीत. पंधरा मिनिटांत तुमचं नाव कटलं. डॉक्टरांसमोर मी मान खाली घालून उभी, माझ्या शाळेच्या हेडबाईंसमोर तुम्ही उभे राहायचात तशी.

वर मलाच विचारता, हा कसला नियम? नियम बरोबर आहे. मोजणाऱ्याचा जीव कुठल्याच नमुन्यात अडकलेला नसावा.

आता ऐका. फुप्फुसाला इजा झाली की पेशी एकमेकींना निरोप धाडतात: या, डागडुजी करा. काम संपलं की निरोप थांबतात. तुमच्या छातीत ते थांबत नाहीत. गिलाव्यावर गिलावा चढतोय, हवेलाच जागा उरत नाही. चाळीस वर्षं भिंती लिंपलेल्या माणसाला हे मी समजवायचं? खोकल्याच्या बाटल्यांनी त्यात काही होत नाही. नवं औषध एक निरोप वाटेत अडवतं. गुण येईलच असं नाही. आला तरी झालेले व्रण जाणार नाहीत, पुढचे लांबणीवर पडतील. अर्ध्या लोकांना तुलनेसाठी नुसतं खारं पाणी टोचणार, आणि कोणाला ते कोणीच सांगणार नाही.

सहा वर्षं मी हे निरोप मोजतेय. आई म्हणते, घरातलं माणूस सोडून सगळ्यांचे मोजलेस. तिला काय उत्तर देऊ?

तेच कळवायला लिहितेय. मी बदली मागून घेतली. सोमवारपासून खाली रक्तपेढीत बसेन. मी त्या कामात नसेन तर तुम्हाला पुन्हा अर्ज करता येतो. डॉक्टर नाखुशीनं का होईना, तयार झालेत. नावनोंदणी दहा तारखेला बंद होते. कोरा फॉर्म सोबत आहे. तुम्ही चिडणार, तुला कोणी सांगितलं होतं म्हणणार. चिडा. पण इथे येऊन चिडा.

तुमचीच,
कटकट