घुबडाचा मुखवटा, मावशीची छत्री आणि माझी इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वयाने चोविशीतली, इतिहासाची पदवीधर (आमच्या घरातली पहिली, हे मी सांगत नाही, आई प्रत्येक पाहुण्याला सांगते), धंदा छापखान्यात मुद्रिते तपासणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि हसू कसेबसे आवरून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही आणि मरायचा विचारही नाही. उद्या संध्याकाळी आमच्या हॉलच्या रिंगमध्ये माझी पहिली कुस्ती आहे, आणि पहिल्या कुस्तीआधी मृत्युपत्र लिहायचे हा इथला जुना रिवाज आहे.

त्यावर दोन सह्या लागतात. एक रिंगमधल्या माणसाची, एक घरच्या माणसाची. घरच्याने सगळे वाचूनच सही करायची. ती नसेल तर मास्तर, म्हणजे आम्हाला शिकवणारे, दोराला हात लावू देत नाहीत. यामागची हकीकत अशी, की फार पूर्वी एका मुखवटेवाल्याची, म्हणजे मुखवटा घालून खलनायक होणाऱ्याची, आई प्रेक्षकांत बसली होती. मुलगा ठरवून पडतोय हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती पायातली चप्पल काढून दोराखालून आत शिरली, आणि त्या दिवशी नायक खरोखरच हरला. तेव्हापासून घरच्या एका तरी माणसाला आधी कल्पना द्यायची, की आपले माणूस पडेल ते ठरवूनच पडेल.

माझे घरचे माणूस म्हणजे मावशी. अडचण तिथेच आहे.

कलम पहिले. माझ्याजवळच्या जुन्या कुस्त्यांच्या जाहिराती, ज्या आमच्याच छापखान्याच्या माळ्यावर रद्दीत सापडल्या, त्या हॉलला द्याव्यात. भिंतीवर लावताना एवढे करावे की खलनायकांच्या जाहिराती वर लावाव्यात. छापताना त्यांची नावे नेहमी खाली आणि बारीक टाइपात घातली, आणि तिकिटे मात्र त्यांच्यावरच खपली. पांढरे बूट घालून हात हलवत यायला फार काही लागत नाही. पण नायक दोरावरून उडी मारतो तेव्हा खाली त्याची मान सांभाळून झेलणारा खलनायकच असतो. वर लोकांच्या शिव्याही तोच खातो. त्या पिढीतले खलनायक तर नायकाबरोबर एका टपरीवर चहासुद्धा घेत नसत. मागच्या दाराने निघत आणि लांबच्या रस्त्याने घरी जात, का, तर मुलांनी पाहिले तर त्यांचा शनिवारचा खेळ फुकट जाईल. मी पदवीसाठी बऱ्याच राजांचा इतिहास वाचला. इतके दुसऱ्यासाठी जगलेले त्यांत फारसे कोणी सापडले नाही.

कलम दुसरे, वैराबद्दल. माझा मोठा भाऊ, धंदा वायरमन, गेली कित्येक वर्षे जेवताना तेच बोलतो.

"सगळं ठरलेलं असतं गं. तुझी ती माणसं नाटकं करतात."

"नाटकात राजा मरतो तेव्हा तू पोलिसांना फोन करतोस का?"

"नाटकवाले खरं आहे म्हणून सांगत नाहीत."

"आम्ही तरी कुठे सांगतो? आम्ही फक्त खोटं आहे म्हणत नाही."

"शिकून हेच शिकलीस?"

हो दादा, हेच. तुला मी पहिल्या रांगेतली माझी खुर्ची देते. उद्या तिच्यावर बस. पाठीवर पडल्यावर फळ्यांचा जो आवाज होतो तो ठरवून काढता येतो, पण पाठ आपलीच असते. एवढे पटले तर वैर संपले असे समजावे. पटले नाही तर माझ्या पश्चातही ते चालू ठेवण्याचा हक्क मी राखून ठेवते.

कलम तिसरे. पंचकाकांना माझा चष्मा. ते तो घालणार नाहीत, पण त्यांच्या धंद्याला तेच शोभते.

माझी सायकल चांदणीला. दिवसा ती बेकरीत पाव भाजते आणि उद्या मला हरवणार आहे. बचतीचे जे काही आहे त्यातून रिंगच्या कोपऱ्यातली कुरकुरणारी फळी बदलावी. पदवीचे प्रमाणपत्र मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात टांगले आहे, ते तिथेच राहावे. गिऱ्हाईक कपडे घेऊन निघाले तरी ती त्याला ते वाचल्याशिवाय सोडत नाही.

कलम चौथे, छत्रीबद्दल. हे मावशीने सावकाश वाचावे.

आई-बाबा कारखान्याच्या पाळीत असत, म्हणून शनिवारी मावशी मला हॉलवर न्यायची. मी सगळे तिच्याकडून शिकले. आमच्या भागात तिची ख्याती मात्र माझ्या जन्माआधीची आहे. तेव्हा घुबड नावाचा मुखवटेवाला होता, सगळ्यांत नीच. पंचकाकांची पाठ वळली की डोळ्यांत बोट घालायचा. एका शनिवारी त्याने नायकाला दोरात गुंडाळला, तेव्हा मावशी उठली, थेट रिंगला जाऊन भिडली आणि दोरावर वाकलेल्या घुबडाला छत्रीने हाणला. तो आडवा झाला. लोकांनी मावशीला खांद्यावर घेऊन मिरवले.

तो घुबड म्हणजे आमचे मास्तर. त्यांचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. छत्रीची तुटलेली काडी त्यांनी कपडे बदलायच्या खोलीत खिळ्याला लावून ठेवली आहे.

"मास्तर, लागलं होतं का हो?" मी एकदा विचारले.

"तसा मार मिळायला नशीब लागतं," ते म्हणाले. "जा, उड्या मार."

घुबड निवृत्त झाला आणि मावशी गप्प झाली. अजून येते, पहिल्या रांगेत बसते, छत्री मांडीवर. पण ओरडत नाही. "हल्ली सगळेच गोड दिसतात," म्हणते. "शिव्या द्यायच्या तरी कोणाला?"

मावशी, उद्या घुबड परत येणार आहे. मुखवट्याखाली मी असणार आहे. मी वाईटसाईट वागेन, चांदणीला नीट झेलेन आणि हरेन. हे सगळे ठरलेले आहे. तू ही एवढी वाक्ये वाचू नयेस असे मला फार वाटते, आणि वाचल्याशिवाय तू सही करू शकत नाहीस. तू पूर्वीसारखी उठून मला शिव्या घालाव्यास याच्यासाठी मी वर्षभर पाठीवर पडते आहे. आता सांगून टाकल्यावर तू कदाचित कौतुकाने हसत बसशील. तसे झाले तर घुबड उद्याच मेला समजावे, आणि हे मृत्युपत्र त्याला लागू करावे. तरीही तुला अंधारात ठेवून मला दोराला हात लावायचा नाही.

कलम पाचवे. आई-बाबांना मावशीने सांगावे. पोरगी शिकली आणि घुबड झाली, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकू नये.

शेवटी, मुखवटा माझ्यानंतर हॉलमधल्या सर्वांत हळव्या माणसाला द्यावा. कडक माणसाला तो पेलत नाही.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पहिली कुस्ती एकदाच असते. वरील मजकूर माझ्याच हातचा असून मुद्रिते मीच तपासली आहेत.

ठिकाण: हॉलची कपडे बदलायची खोली, काडीच्या खिळ्याखाली
तारीख: कुस्तीचा आदला दिवस, शुक्रवार

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार, रिंगतर्फे: मास्तर. (डाव्या हाताने. वाचले. पाचव्या कलमात लक्ष घालणार नाही.)

साक्षीदार, घरतर्फे: मावशी.

वाचलं. अक्षर छान आहे. त्या दिवशी मी छत्री उगारली तेव्हा घुबड खालच्या आवाजात म्हणाला होता, "ताई, डावीकडे मारा हो, उजवा खांदा गेलाय." मी डावीकडे मारली. हे कोणाला बोलले नाही, त्यालाही पुन्हा कधी नाही. बोलायची गोष्टच नव्हती ती. वाईट वागताना कसर ठेवू नकोस, नाहीतर मला उठता येणार नाही. छत्रीला नवीन काडी घातली आहे. तुझं काय दुखतं ते उद्या दारातच सांग, म्हणजे मी दुसऱ्या बाजूला मारीन.